जात विचारायची की नाही, एकदा ठरवा!

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात गावाकडून दोन फोन आले. दोन्ही नानांचे. (नाना म्हणजे माझे चुलतकाका. वय ७८. आवाज असा की मांडवात माईक लावायची गरज नाही.)

पहिला फोन आनंदाचा होता. त्यांच्या नातवाचं, म्हणजे माझ्या पुतण्याचं लग्न एकदाचं जमलं. पोरगा चौतिशीचा. चोपडा तालुक्यात सहा एकर बागायत, केळी आणि कापूस, निर्व्यसनी, बारावी पास. सात वर्षं मुली पाहणं चाललं होतं. समाजाचे परिचय मेळावे झाले, परिचय पुस्तिकांमध्ये फोटो छापून झाले, ओळखीतले सगळे मध्यस्थ झाले. सगळीकडे एकच उत्तर, "मुलगा शेती करतो ना, मग नको." आता एका माणसाने दुसऱ्या राज्यातून मुलगी आणून दिली आहे. त्या माणसाला दीड लाख दिले. त्यातले मुलीच्या आईबापापर्यंत किती पोचले, ते त्या माणसालाच ठाऊक.

मी सहज विचारलं, "पोर कोनता समाजनी शे, नाना?"

फोनवर जरा शांतता. मग नाना म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ. मानूसनी जात एकच."

खरं सांगतो, मला भरून आलं. म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी का होईना, नाना महात्मा फुल्यांच्या वाटेला लागले!

चार दिवसांनी दुसरा फोन. माझी पुतणी, वय २७, धुळ्यात इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी. कॉलेजातल्या एका मुलाशी लग्न करायचं म्हणते. सहा वर्षांची ओळख. मुलगा पारोळ्याचा, आईवडील दोघं शिक्षक, स्वतःची चांगली नोकरी. फक्त आपल्या जातीचा नाही. नानांचा आवाज असा चढला होता की फोन कानापासून लांब धरावा लागला. "आपला समाजमा पोऱ्या मरी ग्यात का?" आणि शेवटी निर्वाणीचं, की तिने हे लग्न केलं तर आखाजीला या घरात पाय ठेवायचा नाही.

तर मंडळी, माझा प्रश्न साधा आहे. सोमवारी एक असलेली माणसाची जात शुक्रवारपर्यंत इतक्या जातींची कशी झाली?

(आमची जात कोणती ते मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही तुमची घाला. गोष्ट तीच राहील.)

आधी आपल्या खान्देशातले कप्पे बघा. लेवा पाटील वेगळे, मराठा पाटील वेगळे. गुजर म्हणजे सगळे एक नव्हेत, दोडे गुजर निराळे आणि रेवे गुजर निराळे. शिंप्यांत अहिर आणि नामदेव. सोनारांत अहिर आणि लाड. माळ्यांत फूलमाळी, काचमाळी, जिरेमाळी. वाणी, कोळी, बंजारा, राजपूत, मारवाडी, शिवाय सातपुड्याकडे भिल्ल, पावरा आणि तडवी. प्रत्येकाचा मेळावा वेगळा, पुस्तिका वेगळी आणि फेट्याचा रंगही वेगळा. एकाच बाजारपेठेत शेजारी शेजारी दुकानं, एकाच वर्गात मुलं, एकाच एसटीने जळगाव-धुळे. हळदीच्या जेवणात मात्र सगळीकडे तीच वरण-बट्टी आणि तीच घोटलेली वांग्याची भाजी! आपण एका पंगतीला बसतो, एका मांडवात उभे राहत नाही.

आणि प्रत्येक कप्प्यातल्या माणसाला खात्री असते की आपली रीत म्हणजे धर्म आणि दुसऱ्याची म्हणजे थेर. आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. दोन घरं पलीकडच्या मारवाडी कुटुंबात मामाच्या गोत्रातली मुलगी म्हणजे बहीण, तिच्याशी लग्नाचा विचारही पाप. तमिळनाडू-कर्नाटकात काही समाजांत सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न होतं आणि ते मानाचं समजतात. हरियाणात एकाच गोत्रातल्या मुलामुलींनी लग्न केलं म्हणून खून पडले आहेत. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने मामेभावंडांचं नातं निषिद्ध यादीत घातलं आणि लगेच पळवाट ठेवली की जिथे रूढी असेल तिथे चालेल. आता यातली सनातन परंपरा कोणती? एकाचं पुण्य ते दुसऱ्याचं पाप, इतकाच त्याचा अर्थ.

सातपुड्याच्या पायथ्याचंच उदाहरण घेऊ, कारण आपली खरी परीक्षा तिथे होते. शिरपूर-चोपड्याच्या वरच्या अंगाला पावरा आणि भिल्ल समाजात लग्न ठरताना मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. रक्कम पंचांसमोर ठरते. आमच्या लहानपणापासून घरात यावर एकच शेरा ऐकलाय, "ते लोक मुली विकतात." होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो. तो खरं म्हणजे होळीच्या खरेदीचा बाजार. त्यावरही आपल्याकडे चवीने बोलतात की तिथे मुलं मुली पळवून नेतात. तिथले शिकलेले आदिवासी तरुण घसा कोरडा करून सांगताहेत की तसं काही नाही, हा आमच्या सणाचा बाजार आहे. ऐकतो कोण?

देज ही आदर्श गोष्ट आहे असं मी म्हणत नाही. त्याचीही रक्कम वाढत गेली, त्यापायी कर्जं झाली, आणि त्याविरुद्ध त्या समाजातूनच आवाज उठला आहे. पण त्या रीतीच्या मुळाशी निदान एवढी कबुली आहे की मुलगी कामाची असते, ती गेली की बापाच्या घरचे दोन हात कमी होतात, तेव्हा भरपाई द्यायला हवी. आपल्या रीतीच्या मुळाशी काय आहे? मुलगी हे ओझं आहे, ते उचलणाऱ्याला वरून पैसे द्यायला हवेत. दोन्हींत पैसा आहे. अपमान कुठल्या रीतीत जास्त आहे, ते मुलीच्या जागी उभं राहून ठरवा.

आणि नाना, रागावू नका, पण दीड लाख देऊन मुलगी आणली त्याला काय म्हणायचं? पावऱ्यांच्या देजात पंच असतात, दोन्हीकडचे नातेवाईक असतात, मुलीला भाषा कळते, माहेर दोन डोंगर पलीकडे असतं. आपल्या सौद्यात एक दलाल होता आणि त्याचा मोबाइल नंबर.

आता हुंड्याचं. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. म्हणजे देणारे-घेणारे आज जे आहेत त्यातले बहुतेक कायद्यानंतर जन्मलेले. तरी हुंडा आहेच, नावं बदलली. आधी रोख होती, मग स्कूटर, मग मुलाच्या नोकरीसाठी 'मदत', आता 'लग्न चांगल्या हॉलमध्ये करून द्या'. विचारलं तर तयार उत्तर, की हुंडा म्हणजे मुलीचा वाटाच की. ठीक आहे. मग महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, त्याचं आपण काय केलं? हक्कसोड केली. बहिणीला आग्रहाने जेवायला बोलवायचं, साडी नेसवायची आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन सही घ्यायची. तिने 'वाटा हवा' म्हटलं तर तिचं माहेर तुटलं. माझ्या तीन बहिणींच्या सह्या आहेत. त्या कागदाचा फायदा मलाही झाला आहे. तेव्हा हे लिहिताना मी काही काठावर उभा नाही.

हुंडा द्यावा लागतो, वाटा तर द्यायचाच नाही, म्हातारपणी मुलगी सांभाळणार नाही. म्हणून मुलगी नको. त्याचा हिशेब जनगणनेत छापून आला आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली किती? जळगाव जिल्ह्यात २००१ साली ८८०. २०११ साली ८४२. महाराष्ट्राची सरासरी तेव्हा ९१३ वरून ८९४ वर आली होती, म्हणजे राज्य घसरलं आणि आपण त्याच्या दुप्पट घसरलो. केळीचा जिल्हा, सोन्याचा जिल्हा, आणि २०११च्या त्या यादीत राज्याच्या तळाशी असलेल्या जिल्ह्यांतला एक. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला होता आणि देशाचा १९९४ला झाला. कायदे होते, मशिनं होती, आणि आपण मशिनं निवडली.

२००१ साली मोजलेली मुलं आज पंचविशी-तिशीत आहेत, ऐन लग्नाची. २०११ साली मोजलेल्यांतले थोरले नुकतेच लग्नाच्या वयाला पोचले आहेत. म्हणजे हजारांत १५८ मुलगे असे की ज्यांच्या वाट्याची मुलगी जन्मालाच आली नाही. 'मुली मिळत नाहीत हो' असं आपण मेळाव्यात उसासे टाकत बोलतो, जणू मुलींवर रोग पडला होता! आपणच नाही येऊ दिल्या. आता तीच पिढी हातात बायोडेटा घेऊन दारोदार हिंडते आहे.

या गणिताकडे एका माणसाने फार आधी बोट दाखवलं होतं. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर एक निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. जात म्हणजे दुसरं काही नाही, आपल्याच गटात लग्न करण्याचा नियम. हा नियम टिकवायचा तर गटात लग्नाच्या स्त्रिया आणि पुरुष सारखे हवेत. कुणीतरी उरलं की कुंपण मोडायचा धोका. म्हणून उरलेल्या बाईचा बंदोबस्त करण्यासाठी सती आली, सक्तीचं वैधव्य आलं, आणि उरलेल्या पुरुषासाठी वयाने फार लहान मुलगी आली. शंभराहून जास्त वर्षं झाली या निबंधाला. आज खान्देशात उरलेला पुरुष गावागावात पारावर बसलेला आहे. आणि जातीचं कुंपण सांभाळून त्याची सोय लावता येईना म्हणून आपण कुंपणाला मागच्या बाजूने भगदाड पाडलं आहे. त्यातून दलाल येतो. पुढच्या दाराला मात्र कुलूप, कारण तिथून आपली शिकलेली पोरगी बाहेर पडेल.

माझं भांडण याच्याशी आहे. जात मोडायला आपली हरकत नाही. ती पुरुषाच्या सोयीसाठी मोडली तर चालते, बाईच्या पसंतीने मोडली तर इज्जत जाते. पुतण्याच्या बायकोची जात विचारली नाही, पत्रिका पाहिली नाही (जन्मतारीखच धड कुणाला माहीत नाही), गोत्र, देवक, कूळ काही नाही. पुतणीच्या मुलाच्या बाबतीत मात्र सात पिढ्या खणून काढल्या.

आता तुमचे आक्षेप. फोनवर सगळे ऐकून झाले आहेत, तेव्हा क्रमाने घेतो.

"आंतरजातीय लग्नं केली म्हणून मुली वाढणार आहेत का?" नाही. हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे आणि माझ्याच बाजूच्या लोकांनीही तो नीट ऐकायला हवा. ८४२ मुली सगळ्या जातींत मिळून आहेत, कप्पे काढले म्हणून त्यांच्या ९४२ होत नाहीत. पण मुलीला वाटा मिळाला, तिच्या पसंतीला किंमत आली, तिच्यासाठी हुंडा साठवायची भीती गेली, तर पुढची मुलगी नकोशी होणार नाही. जात, हुंडा आणि मुलगी नको, हे तिन्ही एकाच दाव्याला बांधलेले बैल आहेत. एक ठेवून दुसरा सोडता येत नाही.

"संस्कार जुळत नाहीत, खाणंपिणं वेगळं." ज्या सुनेची भाषाच घरात कुणाला येत नाही, तिच्याशी संस्कार जुळवायला आपण तयार झालो. पारोळ्याच्या शिक्षकाच्या मुलाशी जुळणार नाहीत?

"समाज वाळीत टाकेल." सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली महाराष्ट्राने कायदा केला आहे आणि असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. शिवाय समाज म्हणजे कोण? तुम्ही आणि मीच ना? तुम्ही त्या दिवशी जेवायला आलात की समाज आला.

"परंपरा आहे." हा सगळ्यांचा लाडका. आपल्या बहिणाबाईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं. तीही परंपराच होती, आज कुणी ती चालवत नाही. इतिहासाचार्य राजवाडे आपल्या धुळ्यातच १९२६च्या शेवटच्या दिवशी वारले. त्यांनी भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिला, आणि त्यातून एवढं तरी नक्की कळतं की लग्नाची आजची पद्धत आकाशातून पडलेली नाही, ती बदलत बदलत इथवर आली. राजवाडे काही सुधारक नव्हते, कट्टर होते, तेव्हा त्यांना 'पुरोगामी' म्हणून हिणवायची सोय नाही. फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला १८७३च्या सप्टेंबरमध्ये आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्याच सत्यशोधक नावाने कॉम्रेड शरद पाटलांनी धुळ्यातून १९७८ साली पक्ष काढला आणि आयुष्यभर जात मोडायची भाषा केली. तेव्हा जात पाळणं ही खान्देशची परंपरा असेल, तर जात मोडणं हीसुद्धा खान्देशचीच परंपरा आहे. निवडायची कुठली, एवढाच प्रश्न.

आपल्या शेजाऱ्यांकडून घेण्यासारखं पुष्कळ होतं. यावल-रावेरकडच्या तडव्यांच्या निकाहात मुलीला विचारावं लागतं, तिने कबूल म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि मेहरची रक्कम तिच्या नावाने लिहिली जाते. बौद्ध समाजाने १९५६नंतर मुहूर्त, हुंडा, मानपान बाजूला ठेवून साधी लग्नविधी उभी केली. (तिथेही आता बँड आणि डीजे शिरलाय, हे त्यांचेच लोक खंतावून सांगतात.) लेवा, गुजर, माळी समाजांनी सामुदायिक विवाह सुरू करून कितीतरी बापांना कर्जातून वाचवलं. आपण यातलं काय घेतलं? मारवाड्यांकडून संगीत घेतलं, पंजाब्यांकडून मेहंदी घेतली, सिनेमातून प्री-वेडिंगचे फोटो घेतले. मुलीला विचारायचं तेवढं घेतलं नाही. आपल्याकडे अंतरपाट धरतात, तांदूळ पडतात, शे-दोनशे माणसं सावधान म्हणतात, आणि ज्या दोघांना सावध व्हायचं असतं त्यांना कुणी एक शब्द विचारत नाही.

असो. बरंच लांबलं. नाना, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवणार हे मला माहीत आहे, म्हणून शेवटचं थेट तुम्हालाच.

पुढच्या रविवारी बैठक आहे. मी येतोय. पुतणीच्या बाजूने बसणार आहे हे आधीच सांगून ठेवतो, मागाहून 'भाऊने दगा दिला' नको. तिने नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं आहे. विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवसांची नोटीस लागते, ती लागली आहे, आणि साक्षीदारांत माझं नाव आहे.

आणि तेवढंच दुसरं. नव्या सूनबाईंचंही लग्न कायदेशीर नोंदवा. तिच्या वयाचा दाखला स्वतः बघा, दलालाच्या तोंडावर विश्वास ठेवू नका. अठरा पूर्ण नसतील तर हे लग्न करायचं नाही, तिला सुखरूप घरी पोचवायचं. तिला एकटीला बसवून, तिची भाषा जाणणारं माणूस आणून विचारा की तुला इथे राहायचं आहे का. 'नवरी दागिने घेऊन पसार' अशा बातम्या आपण चवीने वाचतो. जिला पसार व्हायचं असतं पण जमत नाही, तिची बातमी येत नाही. तिच्या आईशी तिला रोज फोनवर बोलू द्या. आणि ती राहिली, तर आखाजीला तिकीट काढून तिला माहेरी पाठवा. तुमच्या लेकी जशा येतात, तशी ती जाईल. परत येईल की नाही या भीतीने ठेवून घेऊ नका. जी जाऊन परत येते तीच सून.

आपल्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. झोके बांधायचे, पुरणपोळी आणि आंब्याचा रस करायचा, सासुरवाशिणींनी दोन दिवस मोकळं व्हायचं. त्या सणाला तुम्ही एका लेकीला दार लावायला निघालात, कारण तिने तुमच्यापेक्षा चांगली चौकशी करून नवरा निवडला. तुम्हीच म्हणालात ना नाना, माणसाची जात एकच? मग ते वाक्य बैठकीत परत एकदा म्हणा. एवढंच मागणं आहे.